शाळेला रंग मागतो, टीव्ही मागतो. शिकवणाऱ्यांसाठी चांगलं प्रशिक्षण कधी मागणार?

वसनाकाठ (कोरेगाव) | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी कोरेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. धंदा खतं-बियाण्यांचा, लेक चौथीत. शिक्षणखात्याशी याहून जास्त संबंध नाही.

पुढच्या बैठकीत शाळा विकास आराखडा धरायचाय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार तो समितीनं करायचा असतो. प्रत्यक्षात मुख्याध्यापक लिहितात आणि आम्ही सह्या ठोकतो. यंदा म्हटलं जरा वाचून सही करू. जुने आराखडे काढले. संरक्षक भिंत, पेव्हिंग ब्लॉक, हँडवॉश स्टेशन, स्मार्ट टीव्ही, बोलक्या भिंती. मागितलेल्यातलं बरंचसं मिळालंही, कारण या गोष्टींना नारळ फोडता येतो आणि पाटी लावता येते. शिकवणाऱ्या माणसाला आणखी चांगलं शिकवता यावं म्हणून काय हवं, यावर एकाही आराखड्यात एक ओळ नाही.

आता आमच्या धंद्यातलं सांगतो. कृषी सेवा केंद्रवाल्यांसाठी ‘देसी’ नावाचा डिप्लोमा आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेनं २००३ साली सुरू केला. आठवड्यातून एक दिवस, असे ४८ आठवडे. त्यातले ४० वर्गात आणि ८ थेट शेतावर. शिकलेलं आठवडाभर गिऱ्हाइकासमोर वापरायचं, अडलं की पुढच्या खेपेला विचारायचं. औषधं विकणाऱ्यासाठी सरकारला एवढं सुचलं. माझ्या पोरीला अपूर्णांक शिकवणाऱ्या बाईंचं प्रशिक्षण मात्र तालुक्याच्या हॉलमध्ये सलग काही दिवस होतं आणि संपतं. वर्गात त्याचं पुढं काय झालं हे बघायला कुणी येत नाही.

हे आपल्या जिल्ह्यात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. कर्मवीरांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काल्यात रयत काढली. गावोगाव शाळा उघडायच्या तर आधी शिकवणारी माणसं घडवावी लागतील हे ओळखून १९३५ मध्ये साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज उभं केलं. पैशाची एवढी ओढाताण असताना!

तर माझा विचार असा, की समितीनं रीतसर ठराव करून चांगलं प्रशिक्षण मागायचं. पण ‘चांगलं’ म्हणजे नक्की काय हे मला कागदावर मांडता येत नाहीये. इथं शिक्षक बरेच आहेत. सांगा, काय मागू?


खडूची_भुकटी (जत) | रविवार, रात्री १०:०५

दादा, हात जोडते, आणखी प्रशिक्षण मागू नका!

तुमची तळमळ कळते. पण तुम्ही ठराव दिला की वरून काय येईल ते मला आत्ताच दिसतंय. राज्यस्तरावर काही जणांना प्रशिक्षण, ते येऊन जिल्ह्याच्या लोकांना देणार, ते तालुक्याच्या सुलभकांना (म्हणजे आम्हाला प्रशिक्षण देणाऱ्यांना), आणि शेवटी आम्ही. वरच्या पायरीला जे पाच दिवसांचं असतं ते आमच्यापर्यंत पोचेस्तोवर पीपीटी वाचून दाखवण्यावर आलेलं असतं. सुलभक बिचारे आमच्यातलेच, त्यांना कालच फाइल मिळालेली. सकाळी हजेरीची लिंक, दुपारी जिओटॅग फोटो, संध्याकाळी अभिप्रायाची लिंक. अभिप्रायात ‘अतिशय उपयुक्त’ सोडून दुसरं काही लिहिल्याचं ऐकलंय कुणी?

मोबाइलवरच्या कोर्सचं तर बोलायलाच नको. एकीकडे व्हिडिओ चालू, एकीकडे चपात्या. शेवटच्या प्रश्नांची उत्तरं ग्रुपवर आधीच आलेली असतात. नवीन शैक्षणिक धोरणात (२०२०) लिहिलंय की प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी. त्यातली ‘संधी’ गेली कुठं ते माहीत नाही, खाली आले ते नुसते तास.

मला खरंच काय हवं होतं सांगू? मी जतच्या पूर्व भागात आहे. घरात कानडी बोलणारी मुलं आमच्याकडे मराठी पहिलीत येतात. मला कानडी येत नाही. ज्या भाषेत मूल अजून बोलत नाही त्या भाषेत त्याला वाचायला कसं शिकवायचं? आजवरच्या कुठल्याही हॉलमध्ये हा प्रश्न कुणी घेतला नाही. मला मदत झाली ती आमच्या अंगणवाडीताईंची. त्या दोन्ही भाषा बोलतात. त्यांनी रोजच्या वापरातले शब्द लिहून दिले, पोरांच्या गोष्टी कानडीत ऐकून मला मराठीत सांगितल्या. माझं सर्वांत चांगलं प्रशिक्षण ते. त्याचं प्रमाणपत्र नाही.


रोखठोक | रविवार, रात्री १०:३१

लाखाच्या घरात पगार घ्यायचा, वर आम्हाला शिकवा म्हणायचं. डी.एड. कशाला केलं मग? सरळ परीक्षा घ्या, नापास होतील त्यांना घरी बसवा. प्रशिक्षणाचा खर्चच नको.


माणदेशी (दहिवडी) | रविवार, रात्री १०:५८

@रोखठोक, परीक्षा आलीच आहे की. सुप्रीम कोर्टाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल वाचला नाही वाटतं. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी आहे अशा सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचंय. त्यामुळे सध्या आमच्याकडे पंचेचाळिशीतली माणसं रात्री मुलांच्या शेजारी बसून बालमानसशास्त्राचे पर्याय पाठ करतायत. होतील पास. पण दुसरीतल्या ज्या पोराला ‘क्र’ आणि ‘र्क’ मधला फरक कळत नाही, त्याच्याशी दुसऱ्या दिवशी काय करायचं हे ए-बी-सी-डी मध्ये गोल करून समजत नसतं.

आणि डी.एड. केलं तेव्हाचा अभ्यासक्रम आज राहिलाय का? डॉक्टर एमबीबीएसनंतर शिकायचा थांबला तर चालेल तुम्हाला?


रोखठोक | रविवार, रात्री ११:०२

डॉक्टर स्वतःच्या पैशानं शिकतो.


वसनाकाठ | रविवार, रात्री ११:२०

रोखठोक साहेब, पगाराचा धागा वेगळा काढा, तिथं येतो मी भांडायला. इथं राहू दे.

@खडूची_भुकटी ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. म्हणजे ‘प्रशिक्षण द्या’ एवढंच लिहिलं तर उलट तुमचाच ताप वाढवणार मी. मग कुठल्या प्रकारचं मागायचं हे ठरावातच लिहावं लागेल. असं कुठं झालेलं बघितलंय का कुणी?


आबा_विटेकर (विटा) | सोमवार, सकाळी ७:४०

मी निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाचा (केंद्राचा) अधिकारी. खानापूर तालुक्यात होतो. सविस्तर लिहितो, वेळ भरपूर आहे आता.

आपल्याकडे यंत्रणा नाही असं नाही. महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे शिक्षक एकत्र येतात, शिक्षण परिषद म्हणतात तिला. तालुक्याला गटसाधन केंद्र आहे, तिथं विषयतज्ज्ञ असतात. जिल्ह्याला डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. सातारकरांचं फलटणला, आमचं सांगलीत. कागदावर बघाल तर याहून चांगली रचना सुचणार नाही. घोळ तिथं काय बोललं जातं याचा आहे. बहुतेक परिषदा म्हणजे परिपत्रकांचं सामूहिक वाचन, मग सत्कार, मग नाश्ता.

आमच्या केंद्रात काही वर्षं आम्ही एक गोष्ट केली. परिषदेला येताना प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या चार-पाच वह्या आणायच्या, न तपासलेल्या. एकदा तिसरीची हातच्याची वजाबाकी घेतली. ५२ वजा २७. बऱ्याच वह्यांत उत्तर ३५. सगळे म्हणाले, पोरं मोठ्यातून लहान वजा करून मोकळी होतात: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. बरोबर. तेवढ्यात एक बाई म्हणाल्या, ‘माझ्या पोरानं तर हातचा घेतलाय, वर बाराही लिहिलेत.’ बघतो तर खरंच. बारातून सात गेले पाच. पण पाच दशकांतला एक दिला हे विसरला, म्हणून पाचातून दोन गेले तीन. उत्तर पुन्हा ३५!

म्हणजे चूक उत्तर एकच, पण दोन पोरांच्या डोक्यातली गोष्ट संपूर्ण वेगळी. पहिल्याला दशक सुटं करणं म्हणजे काय हेच कळलेलं नाही. त्याच्या हातात काड्यांचे गठ्ठे द्यावे लागतील. दुसऱ्याला ते कळलंय, मांडणीत घसरतोय. दोघांना एकच उपाय केला तर एकाचा वेळ फुकट. मग चर्चा अशी रंगली की ५२ ऐवजी कुठलं उदाहरण द्यावं म्हणजे दोघं वेगळे ओळखू येतील. ५३ वजा २७ घ्या. पहिला ३४ लिहील, दुसरा ३६. त्या दिवशी नाश्ता थंड झाला तरी कुणी उठलं नाही.

याला खर्च किती? शून्य. लागलं काय? परिपत्रकं आधी व्हॉट्सॲपवर टाकून परिषदेचे दोन तास मोकळे ठेवणं, आणि आपली चूक चारचौघांत दाखवली तर कुणी शेरा मारणार नाही ही खात्री. दुसरी गोष्ट मिळवायला मला फार वेळ लागला.


कृष्णाघाट (सांगली) | सोमवार, सकाळी १०:१५

आबा, क्या बात है. मी गणिताचाच, खासगी अनुदानित हायस्कूलमध्ये. पाचवीत आलेली मुलं ३५ लिहितात तेव्हा आम्ही ‘प्राथमिकवाल्यांनी पाया केला नाही’ म्हणून मोकळे होतो. ५३ चं डोक्यात आलं नव्हतं. उद्याच देऊन बघतो.

हायस्कूलची परिस्थिती सांगायची तर आमच्यातल्या बहुतेकांचा प्रशिक्षणाशी संबंध येतो तो १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी आणि २४ वर्षांनी निवडश्रेणीसाठी. वेतनवाढ अडकलेली असते म्हणून माणूस बसतो. शिकायची इच्छा असलेलाही तिथं ‘कधी एकदा प्रमाणपत्र हातात पडतंय’ या मनःस्थितीत असतो. पगाराला जोडलं की हजेरी शंभर टक्के होते, बाकी काही होत नाही. वसनाकाठ, ठरावात चुकूनही ‘सक्तीचे’ हा शब्द घालू नका.

पाठनिरीक्षण आमच्याकडे आहे. लॉगबुकातले शेरे वाचाल तर हसू येईल. ‘फळ्यावर दिनांक नाही.’ ‘आवाज योग्य.’ ‘शैक्षणिक साधनांचा वापर वाढवावा.’ मुलं काय समजली, काय नाही यावर अक्षर नाही.


कोयनेपल्याड (पाटण) | सोमवार, दुपारी १:५०

सगळं पटतंय पण एक व्यवहाराची गोष्ट. आमची शाळा दोनशिक्षकी, पहिली ते पाचवी. एक जण प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याच्या गळ्यात पाच वर्ग. त्यात मतदार याद्यांचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, आधार, यू-डायसवर शाळेची ऑनलाइन माहिती, सगळं आहेच. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं लावता येतात असं आहे, पण ऑनलाइन माहिती भरणं हे ‘शैक्षणिक’च धरलं जातं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार.

पाटणच्या टोकाहून फलटण म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. पावसाळ्यात तर विचारूच नका. डाएटमधली माणसं मनानं चांगली, पण आमच्या वर्गापर्यंत यायला त्यांना दिवस घालवावा लागतो.

सांगायचं हे, की वेळ कुठून काढणार ते आधी बोला. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरलेत, आणि त्यात ‘पूर्वतयारीसह’ असं स्पष्ट आहे. म्हणजे तयारी आणि अभ्यास हा नोकरीचाच भाग आहे, घरी जाऊन करायचा छंद नव्हे. तो वेळ वेळापत्रकात दाखवा म्हणावं.


मिरजकर_पुण्यात | सोमवार, रात्री ८:३५

शिक्षक-शिक्षण हा माझ्या कामाचाच विषय, म्हणून राहवलं नाही.

आबांनी जे केलं त्याला जगात नाव आहे. जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षं ‘जुग्यो केन्क्यू’ चालतं. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, त्यातला एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात मागे बसून मुलांकडे बघतात. शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे. मग एकत्र बसून पाठ दुरुस्त करतात. परीक्षण पाठाचं होतं, माणसाचं होत नाही, त्यामुळे शिकवणाऱ्याची मान खाली जात नाही.

दुसरं, ताईंनी सांगितलेली उतरंड का फसते यावरही जुनं काम आहे. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० च्या दशकात दाखवलं, की नुसतं व्याख्यान दिलं, प्रात्यक्षिक दाखवलं, अगदी हॉलमध्ये सराव करून घेतला, तरी वर्गात गेल्यावर फार थोडे शिक्षक ती गोष्ट वापरतात. वर्गात सोबत येऊन, बघून, बोलून मदत करणारं कुणी मिळालं की चित्र पालटतं. आपण नेमका हाच शेवटचा भाग वगळतो, कारण तो मोजायला अवघड. हॉलमध्ये किती बसले हे एका फोटोत मोजता येतं.

तासांचं म्हणाल तर सिंगापूर शिक्षकांना वर्षाला १०० तास देतं, पण हक्क म्हणून. आपल्याकडेही नवा शोध लावायची गरज नाही. कोठारी आयोगानं (१९६४-६६) सांगून ठेवलंय, की प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांत दोन-तीन महिन्यांचं सेवांतर्गत शिक्षण मिळावं.

वसनाकाठ, तुम्ही साताऱ्याचे असून कुमठे बीटचं (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी ज्ञानरचनावादावर (मूल स्वतः करून-अनुभवून आपलं ज्ञान रचतं, हा विचार) काम उभं केलं, आणि राज्यभरातून शिक्षक ते बघायला साताऱ्याला येऊ लागले. पुढे २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या काळात अशा शाळाभेटींना मोठा जोर आला.


माणदेशी (दहिवडी) | सोमवार, रात्री ९:१०

कुमठे बघायला आम्हीही गेलो होतो. मुलं जमिनीवर बसून आपापली कामं करतायत, बाई मधे फिरतायत, कुणाला ओरडा नाही. डोळे उघडले हे नक्की. पण त्यानंतर गावोगाव काय झालं? फरशा रंगल्या. लोकवर्गणी काढून ऑइलपेंटनं जमिनीवर तक्ते, साप-शिडी, अंकांचे चौकोन. त्या चौकोनावर मुलानं उडी का मारायची, त्यातून त्याला काय कळतं, हे बोलणं मागं राहिलं. रंग दोन पावसाळ्यांत उडाला. चूक कुमठ्याची नाही. तिथं आधी शिक्षकांनी मुलं कशी शिकतात यावर डोकं चालवलं होतं, फरशा नंतर आल्या. आम्ही फरशीपासून सुरुवात केली.

पुस्तकांचंही तेच. २०१९ साली दुसरीच्या गणितात संख्यावाचनाची नवी पद्धत आली, ‘वीस एक, वीस दोन’ वाली. महिनाभर टीव्हीवर खडाजंगी, विधिमंडळात चर्चा. पद्धत चांगली की वाईट यावर प्रत्येकाचं मत होतं. वर्गात ती कशी हाताळायची, जुनी नावं कधी आणायची, पालकांना काय सांगायचं, यावर आमच्याशी कुणी अर्धा दिवस तरी बसलं का?


खडूची_भुकटी (जत) | सोमवार, रात्री ९:४५

आबांसारखे केंद्रप्रमुख मिळाले तर कोण नको म्हणेल? पण कुणीतरी वर्गात येऊन बसणार म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण आजवर जे आले ते तपासायला आले. एक साहेब दहा मिनिटं थांबले, सर्वांत मागच्या मुलीला उठवून वाचायला लावलं, ती भेदरली, आणि शेरेबुकात ‘वाचनक्षमता असमाधानकारक’. ती मुलगी नुकतीच ऊसतोडीवरून परत आली होती. विचारलंच नाही.


आबा_विटेकर (विटा) | मंगळवार, सकाळी ६:५५

ताई, गोळा येणारच. म्हणून मी दोन वह्या करायचो. शेरेबुक वेगळं, ते तपासणीच्या दिवशी. बाकीच्या भेटींत माझी साधी शंभर पानी वही. त्यात मी बघितलेलं लिहायचं, शिक्षकाला तिथल्या तिथं दाखवायचं, त्यानं वाटलं तर पान फाडून घ्यायचं. त्यातलं काहीही गोपनीय अहवालात गेलं नाही. मदतीला येणारा आणि गोपनीय अहवाल लिहिणारा माणूस शक्यतो एक नसावा. एकच असेल तर निदान कागद तरी वेगळा असावा.

आणि खरं सांगतो, आज केंद्रप्रमुखाला हे करणं माझ्या वेळेपेक्षा अवघड आहे. जागा रिकाम्या, एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार. दिवस माहिती गोळा करण्यात जातो. तालुक्याला सकाळी अकराला मागितलेली माहिती ‘आजच दुपारपर्यंत’ द्यायची असते. त्यामुळे ठरावात केंद्रप्रमुखाची जागा भरा हेही लिहा. हे शिक्षक संघटनेनं म्हटलं तर मागणी ठरते, पालकांनी म्हटलं तर साहेबांना उत्तर द्यावं लागतं.


रोखठोक | मंगळवार, सकाळी ९:२०

वजाबाकीचं वाचलं. पोराला घरी घालून बघितली ५३ ची. ३६ आलं. आमच्या इंग्लिश मीडियमच्या मिसला दाखवलं तर ‘मोअर प्रॅक्टिस’ म्हणाल्या. वर्षाची फी सांगत नाही.


कृष्णाघाट (सांगली) | मंगळवार, सकाळी ९:४१

@रोखठोक, या, बसा. चहा घेणार? :)


कोयनेपल्याड (पाटण) | मंगळवार, दुपारी २:०५

मग आमच्या दोनशिक्षकी शाळांसाठी असं लिहा: जवळच्या दोन-तीन शाळांनी मिळून महिन्यातून एक अर्धा दिवस ठरवायचा. एका महिन्यात आम्ही त्यांच्याकडे, पुढच्या महिन्यात ते आमच्याकडे, मुलांसकट. मुलांना एकत्र करून एक जण पाठ घेईल, बाकीचे बघतील. म्हणजे शाळाही उघडी आणि कुणाला तालुक्याला जायची गरज नाही. आमच्याकडे वाडीवरून वाडीवर मुलं चालत येऊ शकतात. जिथं शक्य नाही तिथं गाडीभाड्याचे पैसे लागतील. तेवढा खर्च ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातून मागता येईल का, वसनाकाठ?


वसनाकाठ | मंगळवार, रात्री १०:३०

मागून बघतो. ग्रामपंचायतीला पेव्हरसाठी पैसे सापडतात तर गाडीभाड्याला सापडावेत. सांगलीत ‘माझी शाळा, आदर्श शाळा’मधून शाळांची रूपं पालटली, ते बघून आमच्याकडचे सदस्यही शाळेवर खर्च करायला तयार असतात. फक्त भिंतीच्या आत काय चाललंय तिकडे त्यांना वळवायचंय.

तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांतून मसुदा केलाय. भाषा सरकारी ठेवली आहे, नाहीतर गटशिक्षणाधिकारी कार्यालयात फाइलच पुढं सरकत नाही.

‘आज रोजीच्या सभेत सर्वानुमते ठराव करण्यात येतो की, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नमूद वार्षिक किमान ५० तासांपैकी निम्मे तास शाळेतील अथवा शेजारच्या शाळेतील प्रत्यक्ष वर्गाशी निगडित असावेत. सहकारी शिक्षकांचे पाठ पाहणे, मुलांच्या वह्यांचा एकत्र अभ्यास करणे व एकत्रित पाठनियोजन हे त्यात ग्राह्य धरावे. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेतील किमान दोन तास केवळ विषय-अध्यापनासाठी राखून ठेवावेत व प्रशासकीय सूचना आगाऊ पाठवाव्यात. वर्षातील प्रशिक्षणाचे विषय ठरविण्यापूर्वी शिक्षकांकडून अडचणी लेखी मागवाव्यात. मार्गदर्शनासाठी केलेल्या वर्गभेटींच्या नोंदी गोपनीय अहवालासाठी वापरू नयेत. केंद्रप्रमुखाचे रिक्त पद भरावे. प्रशिक्षणकाळात शाळा एका शिक्षकावर राहणार नाही अशी व्यवस्था करावी.’

प्रती: गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक), प्राचार्य डाएट फलटण.

ठरावाबरोबर समितीनं स्वतः काय करायचं तेही लिहितोय. महिन्यातल्या त्या अर्ध्या दिवशी समितीतले दोन पालक शाळेत थांबतील, आणि शाळा लवकर सुटली तर गावात ‘मास्तर पळाले’ अशी बोंब उठू नये म्हणून आधी दवंडी. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. थांबायला त्याच येतील, पुरुष नुसते हो म्हणतील, हे मला माहितीय.


मिरजकर_पुण्यात | मंगळवार, रात्री ११:१५

उत्तम. दोन सूचना. ‘निम्मे तास’ला वरचे लोक ‘पुरावा काय’ विचारतील आणि पुन्हा फोटो सुरू होतील. पुरावा म्हणून शिक्षकांनी वर्षाअखेर एकच पान द्यावं: कुठली अडचण घेतली, काय करून बघितलं, मुलांच्या कामात काय दिसलं. जमलं नसेल तर तेही लिहिण्याची मुभा हवी. दुसरं, समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेची जिल्ह्याची वार्षिक कार्ययोजना आणि अंदाजपत्रक नवं आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या आधी तयार होतं. तुमचा ठराव त्याआधी पोचला तर उपयोग, नंतर पोचला तर नुसती पोच मिळेल. एकट्या शाळेचा नको. केंद्रातल्या जितक्या समित्या जमतील तितक्यांचे एकाच दिवशी द्या.


कृष्णाघाट (सांगली) | बुधवार, सकाळी ८:०२

‘मार्गदर्शनासाठी केलेल्या वर्गभेटी’ या वाक्यात ‘शिक्षकाच्या संमतीने’ घाला. एवढ्या दोन शब्दांनी बरेच जण तयार होतील. आणि हायस्कूलसाठी असाच मसुदा मी करतो, आमच्याकडे पालक-शिक्षक संघापुढे ठेवता येईल. संस्थाचालक काय म्हणतील ते सांगता येत नाही.

ता.क. ५३ वजा २७ दिलं. सव्वीस लिहिणारे निम्म्याहून थोडे जास्त. बाकीच्यांत ३४ वाले जास्त निघाले, मला उलटं वाटलं होतं. आता काड्यांचे गठ्ठे हायस्कूलमध्ये कसे आणायचे, पोरं हसतील.


आबा_विटेकर (विटा) | बुधवार, सकाळी ८:३०

काड्या नको, खेळातल्या दहाच्या नोटा आणि रुपये वापरा. पैशाला कुणी हसत नाही.


खडूची_भुकटी (जत) | बुधवार, सायंकाळी ६:१०

दादा, मसुदा आमच्या मुख्याध्यापकांना दाखवला. ते म्हणाले, ‘पालकांनी हे लिहिलंय?’ आणि दोनदा वाचला. आमच्या समितीपुढेही ठेवतोय. ‘लेखी अडचणी मागवाव्यात’च्या पुढे आमच्याकडे एक ओळ जास्त येईल: सीमाभागातील शाळांसाठी कन्नड जाणणारा साधनव्यक्ती द्यावा, आणि अंगणवाडीताईंनाही त्या बैठकीला बोलवावं, मानधनासह. संमतीचे शब्द घातले असतील तर वर्गात यायला माझी हरकत नाही, पण पहिल्यांदा आबांसारखं कुणीतरी पाठवा.

फाइल युनिकोडमध्येच पाठवा. मागच्या वेळी तालुक्यावरून एक ठराव जुन्या फॉन्टमध्ये आला होता, आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरवर सगळे चौकोनच दिसले.